सलीमाभाभींची फेरी

शबानाचा फोन आला तेव्हा मी फियाटच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. "काका, अम्मी गेली," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं?"

सलीमाभाभी सतत कुठंतरी गेलेल्याच असत. कर्जतला कुणाच्या अंगणात जुनी गाडी आहे असं कळलं की कर्जतला, हेडलाइटची काच शोधायला पनवेलला, फेरीच्या परवानगीच्या अर्जामागे पोलीस ठाण्यात. म्हणून तो प्रश्न तोंडून सहज गेला. पलीकडे ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं. मी हात पुसायला फडकं शोधत राहिलो, आणि ते माझ्या खांद्यावरच होतं. काही आठवडे झाले याला. अजूनही एका जागी बसवत नाही. चहा घेतो, अर्धा ठेवतो, फाटकापर्यंत जाऊन येतो...

भाभींचे पती यूनुस माझे बालमित्र. आमच्या दोघांचे वडील खोपोली स्टेशनबाहेर टॅक्सी लावायचे. त्या काळी दसऱ्याच्या संध्याकाळी गावातल्या गाड्यांची फेरी निघायची. टॅक्सीवाले, डॉक्टर, कारखान्यातले साहेब, ज्याच्याकडे गाडी असेल तो ती धुऊनपुसून स्टेशनजवळ आणायचा आणि सगळे बाजारपेठेतून तळ्यापर्यंत अगदी संथ जायचे. बायका गॅलरीतून बघायच्या, पोरं बरोबरीनं चालायची. आमचं घर बौद्ध. त्या दिवशी सकाळी विहारात वंदना असायची, आणि संध्याकाळी वडील आम्हाला फियाटमध्ये बसवून फेरीला न्यायचे. पुढे द्रुतगती महामार्ग झाला, घाटाखालची वर्दळ ओसरली, जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. फेरी कुणी बंद केली नाही, ती निघेनाशी झाली.

यूनुस गेले तेव्हा नातेवाईक म्हणाले, त्यांची अँबेसेडर विकून टाका, दारात जागा अडते. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे घरात काढायचे महिने, संपली आणि एका सकाळी भाभी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला गाडी शिकवा." तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानात आमची शिकवणी सुरू झाली. गिअर बदलताना त्या स्टिअरिंगकडे न बघता माझ्याकडे रागानं बघत, जणू खरखर मीच करतोय. पण शिकल्या. बुरखा सावरत, ओठ घट्ट मिटून, बाजारातून गाडी काढायला लागल्या.

मग एकदा गाडी थांबवून म्हणाल्या, "यंदा फेरी काढू."

"भाभी, रस्ता कुठं राहिलाय? रिक्षा, हातगाड्या, बाइक. माणूस चालेना तिथं."

"म्हणून तर. हळूच जायचंय ना आपल्याला?"

त्यांना दम निघत नव्हता. गाड्या शोधत आम्ही कर्जत-खालापूरची गावं पालथी घातली. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये लॉनवर जुनी फियाट उभी होती, तिच्या डिकीत माती भरून झेंडू लावलेला. मालक कौतुकानं दाखवत होता. भाभी म्हणाल्या, "गाडी हाय ती. कुंडी नाय." तो हसला, पण त्या हसल्या नाहीत. दर आठवड्याला जाऊन त्या त्याला भेटत राहिल्या, शेवटी कंटाळून त्यानं माती काढली. गावात काहींनी विचारलंच, दसऱ्याची फेरी ही बाई कशी काढणार? भाभी म्हणाल्या, "पूजा ज्याची त्यानं घरी करावी. रस्त्यावर नुसती फेरी."

पहिल्या वर्षी सगळा विचका झाला. गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात कर्जतची जीप मिठाईच्या दुकानासमोर तापून बंद पडली. मागे रिक्षांचा कल्ला, दुकानदार चिडलेले. कुणीतरी ओरडलं, "भंगार घेऊन घरी जा रं." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. भाभी उतरल्या, जीपच्या बॉनेटजवळ उभ्या राहिल्या, आणि इंजिन निवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. वरच्या गॅलरीतून एक म्हातारी वाकून म्हणाली, "यूनुसची गाडी का गं ती? माझी लेक सासरी गेली तिच्यातनं." आणि ती जिना उतरून खाली आली, अँबेसेडरच्या दारावरून हात फिरवत राहिली. मागचे हॉर्न हळूहळू थांबले. पूर्ण नाही, पण बरेचसे.

नंतरच्या वर्षी तेच दुकानदार विचारत होते, फेरी किती वाजता? गाड्या वाढल्या. माथेरानच्या हॉटेलात काम करणारी माणसं सुट्टी काढून पोरांना बघायला आणत. भाभींना मात्र धाप लागायला लागली होती. हृदयाची झडप खराब, डॉक्टरांनी आराम सांगितलेला. मी रागावलो की म्हणायच्या, "बसल्यावरच जास्त धाप लागते, भाऊ. चालत्या गाडीत नाय लागत." शेवटच्या भेटीतही त्या पलंगावर न बसता खिडकीशी उभ्या होत्या, एका हातानं गज धरून...

दफनाहून परतलो, आणि दसरा तोंडावर. फेरी काढायची की नाही, यावर आम्हा गाडीवाल्यांचं काही ठरत नव्हतं. दुःखाच्या घरातून गाडी कशी मागायची? शबाना पनवेलला असते, बँकेत नोकरी. तिचाच निरोप आला, "गाडी मी आणते."

त्या संध्याकाळी ती गाडी न्यायला घरी आली, मी दारात होतोच. अँबेसेडरचं दार उघडलं आणि थांबली. भाभी ठेंगण्या होत्या. समोरचा रस्ता दिसावा म्हणून त्यांनी सीटवर एक जाड उशी शिवून घेतली होती, पाठीला दुसरी. बसून बसून सीटवरची मधोमध खोलगट झालेली. शबाना यूनुसवर गेलेली, उंच. ती आत बसली तर डोकं टपाला टेकलं, गुडघे स्टिअरिंगला लागले.

"उशा काढतो, थांब," मी म्हणालो.

"राहू दे, काका."

"अगं, चालवणार कशी?"

"हळूच जायचंय ना?" ती म्हणाली.

स्टेशनपासून तळ्यापर्यंत आणि परत, सबंध रस्ता तिनं मान वाकवून गाडी चालवली. मी मागून फियाटमध्ये होतो. माझ्या पुढच्या काचेतून तिचं वाकलेलं डोकं दिसत होतं, आणि गॅलरीतल्या बायका दरवर्षीच्या सवयीनं हात हलवत होत्या, भाभींना हलवायच्या तसाच. परतल्यावर ती उतरली, मान चोळली, आणि उशीवर स्वतःच्या बसण्यानं पडलेली सुरकुती तळहातानं सरळ केली. मग काहीतरी सुचल्यासारखा हात थांबवला, आणि मधला खोलगट भाग तसाच सोडून दार लावलं.