परत आलेले पेढे

मैत्रिणींनो, पुसदला आमचं मिठाईचं दुकान आहे. आज सकाळी ओळखीच्या एक काकू दोन किलो पेढे घेऊन गेल्या. सून दवाखान्यात होती, बाळंतपण अजून व्हायचं होतं. आधी दोनदा तिचा गर्भ टिकला नाही, असं काकूच सांगायच्या.

दुपारी पेढे घेऊन परत आल्या. "पोट्टी झाली वं. वापस घे हे."

"मंग आधीच काहून नेले काकू?"

"तपासणाऱ्यानं पोट्टाच सांगतला होता! फसवलं मेल्यानं."

गेलेली मिठाई आम्ही परत घेत नाही. आज घेतली.

त्या माणसाची चूक झाली, म्हणून आज ती पोर जन्मली.

मग आधीच्या दोन वेळी त्यानं बरोबर ओळखलं होतं का?