सगळ्यांच्या वतीनं दिलेला होकार

फाटलेलं जाळं पुढ्यात आलं की कोणी फाडलं हे प्रेमिला विचारत नसे. ती आधी फाटल्याची कड पाहायची. कासवानं चावलं असेल तर धाग्यांची टोकं पिंजलेली असतात. पाण्यातल्या खुंटाला अडकलं असेल तर एकाच बाजूची विणीची घरं ताणून लांबट होतात. विळ्यानं कापलं असेल तर टोकं सरळ, एका रेषेत. कुजलेलं जाळं तर नुसतं बोट लावलं तरी सुटत जातं. सात-आठ वर्षांची असताना बापानं तिला ओसरीवर जाळी सांधायला बसवलं होतं. तेव्हापासून हे पाहणं तिच्या डोळ्यांत मुरलं होतं. माणसांची भांडणं आली तरी ती तशीच पाहायची. कोणी केलं हे नंतर. काय झालं हे आधी.

आरमोरीच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या त्या गावातल्या मासेमार संस्थेची ती बारा वर्षं अध्यक्ष होती. आधी नवरा होता. तो गेल्यावर खुर्ची रिकामी नको म्हणून लोकांनी तिला बसवलं, आणि मग उठू दिलं नाही. तलावात जाळं ओढून झालं की पाळीवर, काठच्या बांधावर, माशांचा ढीग पडायचा आणि प्रेमिला नजरेनंच वाटे पाडायची. जो पाण्यात उतरला त्याचा वाटा, जो तापानं घरी पडला त्याचाही, एकट्या बाईचाही. वाटा कमी आला असं कोणी म्हटल्याचं गावाला आठवत नव्हतं. तिनं हो म्हटलं की साठ घरांचं हो झालं, असा तिथला रिवाज पडला होता. रिवाज पडतात तेव्हा आवाज होत नाही.

राजदीप दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आला. घुग्घुसचा पोरगा. बाप कोळशाच्या खाणीत पाळीवर जाणारा. दोरीवर टाकलेला पांढरा सदरा वाळेपर्यंत करडा होतो, अशा गावात तो वाढला होता. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकला, पुण्यात तीन वर्षं दुसऱ्यांसाठी मोबाइलवरचे गेम बनवले, आणि नोकरी सोडून आला. त्याला स्वतःचा एक गेम करायचा होता. नाव ठेवलं होतं 'बोडी'. बोडी म्हणजे शेताकडेचं लहान तळं. खेळणाऱ्यानं मरायला टेकलेली बोडी जिवंत करायची. बेशरमची झुडपं उपटायची, पाणवनस्पती लावायच्या, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो ते ओळखायचं. अंड्यांच्या दिवसांत जाळं टाकलं की खेळ तिथंच संपला.

हा शेवटचा नियम ऐकून प्रेमिलानं विचारलं होतं की हे तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, तुम्हीच, मागच्या वेळी. तिला ते आठवत नव्हतं. आपण सहज बोललेलं कोणीतरी जपून नेलं, याचं तिला नवल वाटलं. शिंगूर, मांगूर, दाडक, बोटरी ही नावं तिच्या नातवंडांनाही आता येत नव्हती. त्यांना मासा म्हणजे मासा.

गेम पुरा करायला राजदीपनं एका वेबसाइटवर लोकवर्गणी मांडली. शिमग्याच्या सुमारास तिथं कोणीतरी लिहिलं. नाव नाही, गाव नाही. खाली फक्त 'तलावाचा मित्र'. चार गोष्टी होत्या. हा बाहेरचा माणूस आहे, कधी पाण्यात उतरलेला नाही. याची चित्रं चोरलेली आहेत. हा वर्गणी घेऊन पळून जाणार. आणि चौथी, यात ज्या म्हातारीचा आवाज आहे तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नाही.

वेबसाइटवाल्यांनी पान थांबवलं. दहा दिवसांत खुलासा करा. ज्यांच्या तलावावर हा गेम आहे त्यांचं काही म्हणणं असेल तर तेही लेखी द्या. नाहीतर पान कायमचं बंद. राजदीप मोटरसायकलवर आला तेव्हा त्यातले तीन दिवस गेले होते. बापानं घरात एवढंच म्हटलं होतं की आता पुण्याला फोन कर, जागा असेल तर बघ.

समाजमंदिराच्या ओट्यावर लोक जमले. संस्थेचा सचिव मनसाराम सगळ्यांत तापला होता.

"आधी लिहिणाऱ्याले पकडू," तो म्हणाला. "गावात मोठे फोन कोणाकोणाकडे आहेत, दोन दिवसात सांगतो."

"तुयाकडेच दोन आहेत," प्रेमिला म्हणाली.

लोक हसले. मनसाराम नाही हसला.

"पकडून का करशीन?" तिनं विचारलं.

"विचारू ना, काऊन लिहिलं. नाव लपवते तो भेकड असते, बाई."

"अन् लिहिलेलं खरं निघालं तर? मग भेकड कोण?"

मनसारामनं पान थुंकायचं निमित्त करून तोंड वळवलं. प्रेमिलाला माहीत होतं की काही खरं नाव लपवूनच बोलता येतं. सासरच्या माणसांबद्दल. साहेबाबद्दल. संस्थेच्या अध्यक्षाबद्दलसुद्धा. आणि हेही माहीत होतं की विळा चालवणारेही अंधारातच चालवतात. दोघांचा चेहरा दिसत नाही. भोक दिसतं. तिनं राजदीपला एकेक वाक्य वाचायला लावलं.

पहिलं वाक्य वाचून होताच बाया हसायला लागल्या. हा पोट्टा पहिल्याच दिवशी कमरेएवढ्या चिखलात रुतला होता, तिघींनी ओढून काढला होता आणि पोटरीवरची जळू पाहून बसकण मारून बसला होता. त्याची पँट काट्यावर वाळत घातलेली अख्ख्या गावानं पाहिली होती. प्रेमिलानं मात्र ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. 'बाहेरचा' या शब्दापाशी वाचताना राजदीपचा आवाज बारीक झाला. तो कोणत्या वस्तीतला, कोणत्या घरातला, हे त्या शब्दात कोणीतरी घडी करून ठेवलं होतं. ओट्यावरच्या सगळ्यांना ते कळलं.

"हे सरळ कापलेलं आहे," प्रेमिला म्हणाली. "पुढचं वाच."

चित्रांसाठी राजदीपनं पिशवीतून वह्या काढल्या. मरळीच्या अंगावरचे ठिपके आधी चुकीचे, मग खोडून नीट केलेले. शिंगूरच्या काट्यापाशी प्रेमिलाच्या चिखलाच्या बोटाचा डाग अजून होता. वह्या हातोहात फिरल्या. सगळं पाहून झाल्यावर राजदीप स्वतःहून म्हणाला की खंड्या पक्ष्याचं चित्र वहीत नाही. ते इंटरनेटवरून उचललं होतं, तात्पुरतं, मग बदलायचं राहून गेलं.

"राहून गेलं का ठेवून दिलं?"

"चांगलं होतं, म्हणून ठेवून दिलं," तो म्हणाला.

"मंग ते खरं लिहिलं त्यानं. तेवढं काढून टाक. अन् तसं लिहून दे."

पळून जाण्याचं वाक्य तिनं बाजूला ठेवलं. उद्याचं भोक आज कोणाला दिसत नाही, त्यावर ना हो म्हणता येतं ना नाही. दर महिन्याला किती काम झालं ते त्यानं पानावर टाकावं, एवढं ठरलं.

चौथं वाक्य राजदीपनं भरभर वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. याचं आपण पाहून घेऊ, म्हणाला.

प्रेमिला त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओट्यावरच्या फरशीकडे. तिच्या डोळ्यांपुढे रुखमाची खाट आली.

रुखमा गावातली सगळ्यांत जुनी मासे विकणारी. टोपली डोक्यावर घेऊन माशांची नावं एका चालीत म्हणत जायची. गल्लीतली पोरं त्या चालीवर झोपायची. शेवटच्या दिवसांत ती खाटेवरून उठत नव्हती. राजदीपनं तेव्हा विचारलं होतं की रुखमाबाईंच्या घरच्यांना विचारून आवाज घेऊ का. प्रेमिला म्हणाली होती, मी हो म्हटलं ना, झालं. आणि तिनंच त्याचा फोन ओच्यात घालून नेला होता. खाटेवर उशाशी ठेवला, वर पदर टाकला, म्हणाली, रुखमाबाई, म्हणा ना एकडाव. म्हातारीला वाटलं, आपलं मन रमवायला आली आहे. तिनं म्हटलं. मधे दोनदा श्वास लागला. राजदीप बाहेर अंगणात उभा होता.

तीन आठवड्यांनी रुखमा गेली. मुलगी जया आलापल्लीला रोपवाटिकेत कामाला. ती मयतीला आली आणि परत गेली. तिला सांगायचं प्रेमिलाच्या मनातही आलं नव्हतं. तलावातले मासे सगळ्यांचे, त्यांचे वाटे ती पाडायची. आवाजाचाही तिनं तसाच वाटा पाडून टाकला होता.

"तुनं वेबसाइटवाल्याले हे काऊन नाई लिहिलं?" तिनं विचारलं. "फोन मी नेला होता म्हणून?"

"तुमचं नाव येते, बाई."

"तर मंग तू स्वतःचं जाऊ देशीन?"

ओट्यावर आता कोणीच हसत नव्हतं. प्रेमिला उभी राहिली आणि जाळ्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाली की हे चौथं खरं आहे, आणि ते या पोराचं नाही, माझं आहे.

मनसाराम तिच्यामागोमाग घरापर्यंत आला. संस्थेचं नाव जाईल, हे लिहून द्यायची काही गरज नाही, म्हातारी तर गेली, असं परोपरीनं सांगत राहिला. तिनं त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीची वेळ विचारली.

आलापल्लीला ती पोचली तेव्हा जया सागाच्या रोपांना पाणी देत होती. चाळिशीची बाई, आईसारखीच रुंद कपाळाची. एसटीत बसल्या बसल्या प्रेमिलानं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही तिला बोलता आलं नाही. झालं तेवढं सांगितलं. फोन पदराखाली ठेवला होता हेही.

जयानं पाण्याचा पाइप बंद केला. हात पुसले. ऐकव म्हणाली.

राजदीपनं फोनमध्ये कसं लावायचं ते शिकवून पाठवलं होतं. रुखमाचा आवाज सागाच्या रोपांमधून निघाला. बारीक, फाटका, पण चाल तीच. जया खाली बसली. दुसऱ्या वेळी श्वास लागला तिथं तिनं हात वर केला आणि प्रेमिलानं आवाज थांबवला.

"माय अशी नव्हती म्हणत," जया म्हणाली. "तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जाये. अन् बोटरीच्या आधी दाडक येते. चुकली ती इथी."

"आजारी होती."

"तेच तं म्हणून राह्यली मी, मावशी. लोकाईनं मायले आजारी काऊन आयकावं?"

प्रेमिलानं फोन बंद करून ओच्यात ठेवला. ती म्हणाली, काढून टाकायला सांगते. गेम बंद पडला तर पडू दे. हे म्हणताना घुग्घुसच्या त्या पोराचा चेहरा तिला दिसला, तरी ती म्हणाली. मग त्या दोघी रोपांच्या रांगेत बसून राहिल्या. रोपवाटिकेचा चौकीदार एकदा येऊन पाहून गेला.

"मले येते," जया शेवटी म्हणाली. "पूर्ण. मायनं टोपलीसोबत शिकवलं होतं." आणि थोडं थांबून, "हा आवाज मले दे. त्याईच्याकडचा मिटवून टाक. गेममधी मी म्हणीन. पण पाण्यात उभी राहून म्हणीन, बंद खोलीत नाई."

प्रेमिला परत आल्यावर मनसारामनं पहिला प्रश्न केला तो हाच, की लिहिणारी जयाच होती का.

"विचारलं नाई," प्रेमिला म्हणाली.

"एवढं दूर जाऊन नाई विचारलं?"

"त्याच्यासाठी नव्हती गेली."

संस्थेचं पत्र तिनं सांगितलं आणि मनसारामनं लिहिलं, नाराजीनं पण सुवाच्य अक्षरात. पहिलं म्हणणं खोटं, त्याला अमुक इतके साक्षीदार. दुसऱ्यात एक चित्र खरं, ते काढलं आहे. तिसऱ्याबद्दल दर महिन्याचा हिशोब पानावर दिसेल. चौथं खरं, ती चूक अध्यक्षांची. तो आवाज घरच्यांना परत केला आहे. शेवटी तिनं एक वाक्य घालायला लावलं: ज्यानं लिहिलं त्यानं नाव सांगितलं नाही, तरी त्याच्या लिहिण्यानं आमची एक चूक आम्हाला दिसली. मनसारामनं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, खरं आहे म्हणून. मग सही केली.

नवव्या दिवशी पत्र गेलं. चार दिवस काही आलं नाही. त्या चार दिवसांत राजदीप घुग्घुसलाच होता, आणि पुण्याला फोन त्यानं केला नव्हता. पाचव्या दिवशी पान उघडलं. वेबसाइटवाल्यांनी संस्थेचं पत्र जसंच्या तसं सगळ्यांत वर लावलं होतं. काही जणांनी वर्गणी काढून घेतली. पण अनोळखी गावांहून नवे लोकही आले, आणि त्यांतल्या एकीनं लिहिलं की आमच्याकडेही असं तळं आहे, नावं विचारायला कोणी उरलेलं नाही.

रविवारी जया आली. साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. पाळीवर बाया जमल्या. राजदीप आवाज टिपायचं मशीन लावायच्या आधी एकेकीजवळ गेला. तुमचाही आवाज मधे आला तर चालेल का, असं विचारत गेला. बायांना याची गंमत वाटत होती. एक म्हणाली, हो. एक म्हणाली, मले नाई पायजे बाप्पा, मी तिकडे जाऊन बसीन. तिसरीनं नेहमीसारखं प्रेमिलाकडे पाहिलं, सगळ्यांचं उत्तर तिच्याकडून यायचं म्हणून.

प्रेमिला काही बोलली नाही. तिसरी गोंधळली, मग तिनं आपल्या मनानं सांगितलं. असं पंधरा-वीस जणींना विचारून झाल्यावर राजदीप प्रेमिलापाशी आला.

"अन् तुम्ही, बाई?"

पाण्यात जयानं गळा साफ केला. प्रेमिलानं जरा विचार केला.

"माझ्यापुरतं हो," ती म्हणाली.