बांधलेला डावा हात

बाळांनो, माझ्या डाव्या हातात ओव्हनचा जाड हातमोजा पाहून तुम्ही फोनवर किती हसलात! "आजी, केक केलास?" केक कुठला. त्या हाताला मोज्यात कोंडलं होतं, आणि त्याने काही गुन्हाही केला नव्हता.

पक्षाघाताने माझा उजवा हात लुळा पडला आणि डाव्याने सगळा कारभार उचलला. दात घासणं, चष्मा पुसणं, चमच्याने जेवणं. मी खूश होते. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र नाराज.

"काकू, मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. वापर झाला की जोड पक्का होतो, नाही झाला की सुटतो. उजव्या हाताची जागा रिकामी दिसली की शेजारचे घुसणार. आपल्या अंबरनाथला मोकळा प्लॉट टिकतो का कधी?"

समोरच्या पालेगावची शेतं मी आमच्याच खिडकीतून इमारतींखाली जाताना पाहिलीत, त्यामुळे मला पटलं. आत्ता शिकवलं तरच हा हात शिकेल, नाहीतर असाच लोंबकळेल, असं सांगून तिने डावा हात मोज्यात कोंबला आणि मनगटावर नाडी आवळली. रोज सकाळपासून दुपारचं जेवण होईपर्यंत.

तेवढा वेळ मी स्वतःच्याच घरात कोंडलेली. पंख्याचं बटण समोर, पण दाबता येईना. नाकाला खाज सुटली की टेबलाच्या कडेवर नाक घासायचं. एकदा आजोबा बाजारात असताना बेल वाजली, कडी निघेना. "दीदी, सो गये क्या?" म्हणत शेजारीण परत गेली. मोज्यात चांगला हात घामेजून वळवळायचा, आणि उजवा मांडीवर परक्यासारखा पडून.

एके दुपारी वरणभात होता. घास उचलला, पदरात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मला रडू फुटलं.

"अहो, सोडा ही नाडी."

"तिने सोडू नका म्हणून सांगितलंय."

"मग भरवा तरी."

आजोबांनी चमचा उचलला आणि खाली ठेवला. "भरवलं तर तुझं पोट भरेल, हात उपाशी राहील."

"जन्मभर आयतं गिळताना नाही सुचलं हे तत्त्वज्ञान!"

त्यांचे डोळे भरलेले, पण स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

तुमच्यातला धाकटा जेवायला शिकताना असाच दही कानात घालायचा. चुकत चुकतच त्याच्या मेंदूत तोंडाची वाट तयार झाली. पण त्याचं आम्ही कौतुक करायचो.

शेवटी चार शितं जिभेवर पोचली, बाकीची हनुवटीवर. आजोबा पुसायला उठले, तोच माझा उजवा हात, मी मनात आणायच्या आधीच, वर उठला. गेला मात्र थेट डोळ्यात, वरणातल्या लिंबासकट.

मी ओरडले. आजोबा त्या हाताकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाडी आणखी घट्ट बांधली.