पंचाहत्तर हजार वर्षांची सूट

तारांगणात बावीस वर्षं नोकरी करूनही बाईंचा चेहरा कुणाला माहीत नव्हता. दिवे मालवले की घुमटाखाली त्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि दिवे लागायच्या आत थांबायचा. म्हणून सगळे त्यांना ‘अंधारातल्या बाई’ म्हणत. सूर्य सोडला तर आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडे आजच्या वेगवान यानानं निघालात, तर पोचायला पंचाहत्तर हजारांच्या आसपास वर्षं लागतील, हे वाक्य त्या अशा मायेनं म्हणायच्या की पुढच्या रांगेतली माणसं सुस्कारा टाकायची.

मग नवे साहेब आले. त्याआधी ते सोफे विकायचे, त्यामुळे अवकाशाची त्यांना जाण होतीच.

“बाई, हा आकडा फार होतो हो,” ते म्हणाले. “लोक सुट्टीच्या दिवशी येतात. निराश होऊन घरी जातात. थोडा कमी करा.”

“किती कमी करू?”

“वीस वर्षं. मी वाचलंय, वीस वर्षांत पोचणारं यान आहे.”

“आहे नाही, नुसता विचार आहे. टपालाच्या तिकिटाएवढं यान, लेझरच्या झोतानं ढकलायचं. त्यात माणूस बसत नाही.”

“माणूस बसतो असं मी कुठे म्हणतोय? तुम्ही फक्त वीस म्हणा. बाकीचं कुणी विचारलं तर बघू.”

बाईंनी कागदावरचा आकडा खोडला आणि वीस म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात एक दंतवैद्य सपत्नीक साहेबांना भेटायला आले. नावनोंदणी कुठे करायची, आणि परतीचं काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. साहेबांनी त्यांना चहा पाजला.

रविवारी बाईंच्या सासूबाई पहिल्यांदाच कार्यक्रमाला आल्या. अंधारात बसून बडबड करणं ही नोकरी कशी असू शकते, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. बाईंनी “अवघ्या वीस वर्षांत” म्हटलं मात्र, काळोखातून खणखणीत आवाज आला, “अगं सूनबाई, घरी तर पंचाहत्तर हजार सांगत होतीस!”

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. बाईंचे कान तापले. हातातला कागद त्यांनी उलटा ठेवला.

“सासूबाई बरोबर बोलताहेत,” त्या म्हणाल्या. “पंचाहत्तर हजारच. वीस वर्षांचं यान अजून कुणी बनवलेलं नाही, आणि बनलं तरी तुम्हाआम्हाला त्यात जागा नाही.”

कुणीतरी टाळी वाजवली. बहुधा दंतवैद्यांनी नसावी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंचा गौरव केला. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर त्यांना विश्रांती हवी, असं म्हणून त्यांना तिकीट खिडकीवर बसवलं. घुमटाखाली आता एका गोड मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज वीस वर्षं म्हणतो. गर्दी मात्र होती तेवढीच आहे, वाढली नाही की घटली नाही. लोक एसीसाठी येतात, हे खिडकीत बसल्यावर बाईंना कळलं. त्याचं त्यांना पंचाहत्तर हजार गेल्यापेक्षाही जास्त वाईट वाटलं. दोन दिवस त्या जेवल्याच नाहीत नीट.

घरी सासूबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात वाढलं. शेजारणीनं चौकशी केली तेव्हा दारातूनच ठसक्यात म्हणाल्या, “आमची सून खरं बोलली ना, म्हणून तिला उजेडात बसवलंय.”

बाई आतून ओरडल्या, “सासूबाई, हळू!” पण हसू काही त्यांना आवरलं नाही.