गेटापाशी थांबणारी गाडी

प्रसिद्ध माणूस खेळण्यातली रेल्वे चालवतो तेव्हा त्याला छंद म्हणतात. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे आमचे साडू अकरा वर्षं तेच करत होते, आणि घरात त्याला रिकामपण म्हणत.

एका वाहिनीवर रविवारी सकाळी नामवंतांच्या छंदांचा कार्यक्रम लागतो. त्यात एकदा एक नट दिसला. मालिकांमध्ये सुनांना छळणाऱ्या सासऱ्याचं काम तो करतो. इथे मात्र रेशमी कुर्ता, डोक्यावर गार्डाची टोपी आणि समोर टेबलभर पसरलेली परदेशी रेल्वे. अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या घरी चहा घेत मी पाहत होतो. साधेपणाचा अभिनय फार महाग कपड्यांत करावा लागतो, असं मनात आलं, तेवढ्यात साडूंचा फोन आला.

"पाहून राहिले का? गाडी सोडायच्या आधी त्यानं रूळ पुसले. खरा माणूस आहे."

"साडूभाऊ, पुसायला सांगितलं असेल कोणीतरी."

"सांगून कोणी पुसते काय? ताई वर्षभरापासून सांगून राहिली, तुमी घरचा पंखा पुसला का?"

ताई म्हणजे माझी बायको. पंखा डोक्यावरच फिरत होता.

साडू पंख्यांच्या आणि मिक्सरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांचे वडील मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या लाईनवर गार्ड होते. ती गाडी बंद पडून काही वर्षं झाली. साडूंनी वरच्या खोलीत दोन खाटांवर प्लायवूड टाकून ती चालू ठेवली. इंजिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, त्याची मोटार जुन्या टेपरेकॉर्डरची, बाभळी दात घासायच्या ब्रशच्या. मेहुणीचं म्हणणं एवढंच होतं, "याच खोलीत माहे पापड वाळत."

पण त्या गाडीत एक गोष्ट होती जी पाहुण्यांना बिघाड वाटे. रस्त्याचं फाटक आलं की गाडी थांबायची. खऱ्या लाईनवर अशा फाटकांना गेटमन नव्हता. गाडीतलाच माणूस उतरून गेट लावायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची. तो गेट उघडायचा, चालत येऊन डब्यात बसायचा, मग गाडी पुढे. साडू रेग्युलेटर फिरवून गाडी थांबवत, दोऱ्याने गेट पाडत, आणि वडिलांना चालायला जितका वेळ लागे तितके आकडे मनात मोजत. पावसाळ्यात जास्त मोजत. पावसाळ्यात वडिलांचे गुडघे दुखायचे.

त्यांनी वाहिनीला व्हिडिओ पाठवला. मी म्हटलं, उत्तर येणार नाही. उत्तर आलं. नट स्वतः एक दिवस अकोल्याला येणार होता.

साडूंची एकच अट होती, आणि ती त्यांनी फोनवरच सांगून टाकली: गाडी गेटापाशी थांबलेली टीव्हीवर दिसली पाहिजे. बाकी त्यांचा चेहरा दाखवा, नका दाखवू.

शूटिंगच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. फजिती पाहायला साक्षीदार लागतो. दिवे लागले, खोली भट्टीसारखी तापली. नट आला, टोपी बाजूला ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला, "रूळ पुसायला कापड द्याल का?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

गाडी निघाली. गेट आलं. गाडी थांबली.

"कट!" दिग्दर्शिका म्हणाली. ती पुण्याकडची तरुण मुलगी होती, फार नम्र. "काका, अडकली का हो?"

"अडकली नाई. थांबली."

"मग न थांबवता घेऊ या ना. इतका वेळ पडद्यावर काहीच घडत नाही. लोक चॅनल बदलतात."

"मंग बदलू द्या. न थांबता ते गाडी अचलपूरले जातच नाई."

मेहुणी दारात पोह्यांच्या बशा घेऊन तशीच उभी. अकरा वर्षं एका हट्टासाठी हातची जातात की काय, असं वाटलं. तेव्हा तो नट, त्याच कुर्त्यात, सरळ जमिनीवर आडवा झाला आणि रुळाच्या पातळीवर डोळा लावून म्हणाला, "गेट कोण लावतं?"

साडूंनी सांगितलं. तो उठला. "मला करू द्या." त्याने गाडी थांबवली, दोरा ओढला आणि लगेच रेग्युलेटर फिरवला.

साडूंनी त्याच्या हातावर चापट मारली. महाराष्ट्रभरच्या सुना ज्याला घाबरतात त्याच्या! "अहो साहेब, दोन आकड्यांत कोण उतरते? गाडी आहे का झोका?"

नटाने माफी मागितली आणि पुन्हा मोजायला लागला, ओठ हलवत. चौथ्या वेळी साडूंनी मान डोलावली. या माणसाबद्दलचं माझं मत मी त्याच दुपारी मागे घेतलं. घेताना थोडं वाईट वाटलं, कारण मत चांगलं जमलं होतं.

दिग्दर्शिका जाताना म्हणाली, "एडिटिंगमध्ये बघू." याचा अर्थ मला ठाऊक होता.

प्रसारणाच्या रविवारी मी पुन्हा अकोल्यात. गल्लीतले वीसेक लोक साडूंच्या बैठकीत दाटीवाटीने बसलेले. साडू भिंतीला टेकून उभे. नट बोलला, बाभळी दिसल्या, साडूंचा अर्धा कान दिसला. गाडी आली. गेट आलं.

गाडी थांबली. संगीतही थांबलं.

"घ्या! बंद पडली!" एक कॉलेजातला पोरगा ओरडला.

"बंद नाई पडली रे बापा," शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या. त्यांचं माहेर अचलपूरचं. "गार्ड उतरला. गेट लावून राहिला तो. आमी बसत होतो तिच्यात."

गेट पडलं. गाडी पलीकडे गेली आणि सगळी बैठक टाळ्यांनी फुटली. साडूंनी दोन्ही हात वर केले.

"थांबा, थांबा! बाबा अजून बसले नाईत."

वीस माणसांचे हात तसेच थांबले. पडद्यावर गाडी उभी होती, कोणी चॅनल बदललं नाही. गेट हळूहळू वर गेलं. साडूंचे ओठ हलत होते. मग गाडी हलली, आणि तेव्हा कुठे त्यांनी आम्हाला टाळ्या वाजवू दिल्या.