टपरीत बसून कापलेलं अंतर

सॅटेलाइट सर दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधत. दोन्ही उपग्रहावरून अंतर मोजत आणि दोघांचं कधी जमत नसे. जे जास्त दाखवी, ते सरांच्या मते बरोबर.

संभाजीनगरच्या आमच्या सायकल गटाचे ते प्रमुख. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला विद्यार्थी उरले नव्हते, आम्ही सापडलो. राइड संपवून दारात आलेले सर घरात शिरत नसत. आकडा पूर्ण होईपर्यंत पार्किंगमध्ये गोल फिरत. किलोमीटरचा दगड घड्याळाशी जुळला नाही, तर चूक दगडाची. "दगड माणसानं पुरलाय. वरून बघणारा खोटं बोलत नाही," ते म्हणत.

त्या वर्षी गटाचा संघ सायकलवर हैदराबादला जाणार होता. एकच जागा उरली होती. अट होती फर्दापूरला जाऊन परत येण्याची, दोनशे किलोमीटर. शाळेत शिकवणारी प्रज्ञा त्या जागेसाठी वर्षभर पहाटे सराव करत होती. सरही त्याच जागेसाठी उतरले आणि निकालही त्यांनीच द्यायचा होता. दोघं सोबत निघाली, सोबत परतली. सरांच्या घड्याळात दोनशे भरले, प्रज्ञाच्या घड्याळात थोडे कमी पडले. सरांनी तिला बाद केलं.

"सर, रस्ता तर एकच होता ना? मी काय मधून उडून आले का?"

"रस्ता एक असेल. आकडा एक नाही."

पुढच्या रविवारी लासूर स्टेशनच्या वाटेवर चहाला थांबलो. प्रज्ञानं सरांचं एक चालू घड्याळ मागून घेतलं आणि टपरीच्या पत्र्याखाली टेबलावर ठेवलं. तिचं घड्याळ सायकल थांबली की थांबे. सर आपलं कधीच थांबवत नसत. पत्र्याखाली उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही, मग घड्याळ जागेवरच भरकटतं आणि ते भरकटणंही अंतरात धरतं. भज्यांची प्लेट संपली तेव्हा आकडा बराच पुढे गेला होता.

"बघा सर, भजे खाता खाता लई लांब आलात की!"

फर्दापूरच्या राइडमध्ये सर सिल्लोडला अशाच पत्र्याखाली निवांत जेवले होते. सगळ्यांना ते आठवलं. सरांनी घड्याळ उचललं. "हैदराबादला नावं कळवून झाली," एवढंच म्हणाले.

हैदराबादला सरच गेले. जालन्याच्या पुढे ते संघामागून येणाऱ्या सामानाच्या गाडीत बसले. घड्याळ चालूच होतं. त्यांनी ॲपवर टाकलेल्या नोंदीत पूर्ण अंतर होतं, वेग डिझेलचा. सोबत गाडीत बसलेल्या दोघांनीही त्या नोंदीला अंगठे दिले.

पुढच्या वर्षी गटानं प्रज्ञाला प्रमुख केलं. सरांनी तिला फोन करून संघात जागा मागितली. "हो सर, देते की," ती म्हणाली. "फक्त फर्दापूरला जाऊन या. घड्याळात काही का येईना. मी तिथं चौकात उभी राहते."

ती ठरल्या दिवशी दुपारपर्यंत उभी होती. सर आले नाहीत. पुढे ते पुण्याला राहायला गेले, असं कळलं.