नाचण्यावरचा ओंडका

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमतंय बहुतेक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. लग्नकार्यात, शाळेच्या गॅदरिंगला, जिथं माईक हाताला लागला तिथं मी सांगितलंय की मी चंदगडच्या रानातली, चिखलात वाढलेली. टाळ्या पडतात. पण जिथं हे सांगायची खरी गरज होती तिथं — थांबा, क्रमानं सांगते.

पीएच.डी.चं दुसरं वर्ष. कोल्हापुरातल्याच एका संस्थेत मे महिन्यात आम्हा संशोधक विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांची उन्हाळी शाळा भरली होती. विषय होता, झाडाला भोवतालची खबर कशी लागते. ऊन, वारा, पाण्याची ओढ, किड्याचा चावा — झाड हे ओळखतं कसं आणि मुळापासून शेंड्यापर्यंत निरोप धाडतं कसं. देशभरातली मुलं आली होती. ओळख करून देताना मी म्हटलं, कोल्हापूर. खोटं नव्हतं, मी इथं खोली घेऊन राहत होते. चहाच्या वेळी एक मुलगी म्हणाली, "बोलण्यावरून तू अजिबात इकडची वाटत नाहीस हं." मला बरं वाटलं. का वाटावं? पण वाटलं.

त्या दहा दिवसांपुरत्या वसतिगृहातल्या माझ्या खोलीत वैजयंता होती. तीही चंदगड तालुक्यातली, आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. अडली की हातवारे करून पुढं जायची.

तिसऱ्या दिवशी स्पर्शावर व्याख्यान झालं. रोपाला रोज हात लागला, वाऱ्यानं ते वाकलं, तर ते उंच जायचं सोडतं आणि खोड जाड करतं, असं काहीबाही. संध्याकाळी मी खोलीत पायाला तेल चोळत बसले होते. वैजयंताची नजर माझ्या नडगीवरच्या व्रणावर गेली.

"ओंडक्यावरनं पडलीस व्हय गं?"

"व्हय की. तुला कसं कळलं?"

तिनं सलवार वर ओढली. तिच्याही नडगीवर तसलाच व्रण.

आमच्याकडं नाचणा लावून महिना झाला की शेतावरून बैलांमागं लाकडाचा जड ओंडका फिरवतात. वजनाला वर पोरं बसवायची. सगळी रोपं आडवी होतात. परक्यानं पाहिलं तर म्हणेल, पीक मोडून टाकलं. पण आठवड्यात ती उठतात, आणि उठतात ती बुडातून नवे फुटवे घेऊन. त्या संध्याकाळी आम्ही दोघी पोट धरून हसलो, कोण कितीदा पडलं ते सांगत. मग वैजयंता एकदम सावरून बसली.

"अगं, आज सरांनी सांगितलं ते हेच की. आपल्या आयांना ठावं हाय, आन् पुस्तकात न्हाय."

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपला एक प्रश्न मांडायचा होता. ज्याचा आवडेल त्याला बाहेरून आलेल्या मॅडमच्या प्रयोगशाळेत सहा महिने काम. वैजयंतानं ओंडका मांडला. मॅडम पुढं सरकून ऐकत होत्या. शेजारचे सर म्हणाले, पीक तुडवलं की वाढतं, हे एकीच्या सांगण्यावर कसं धरायचं? मागं कुणीतरी हसलं. मग मॅडमनी विचारलं, त्या भागातलं इथं आणखी कुणी आहे का? कुणी पाहिलंय का हे?

वैजयंतानं माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. खात्री होती, घरच्या माणसाकडं बघावं तशी. तिच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. सलवारीखालचा व्रण कुणाला दिसणार होता? तरी ओढून घेतला. आणि म्हणाले, चांगल्या सफाईदार इंग्रजीत, की मी शहरातली आहे, असलं काही मी कधी पाहिलेलं नाही.

ती तिथल्या तिथं म्हणू शकली असती, ही माझ्याच तालुक्यातली आहे, हिचा पाय बघा. म्हणाली नाही. कागद गोळा करून खाली बसली.

मला त्यातून काय मिळालं? काही नाही. ती जागा तिसऱ्याच मुलाला गेली, माझं नाव कुठंच नव्हतं. लोभानं केलं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. मला फक्त हसणाऱ्यांच्या बाजूला बसायचं होतं. एवढ्यासाठी.

दुपारी मी बॅग भरायचं सोंग करत होते. ती दारात उभी राहिली. "जेवायला चल. आमरस हाय, मागनं संपंल." आणि माझ्या शेजारी बसून जेवली.

पुढं तिच्या गाईडनीही तो विषय सोडायला लावला. तिनं दुसऱ्याच कशावर तरी पीएच.डी. केली. आता ती ज्युनियर कॉलेजात शिकवते. दर दिवाळीला चंदगड गाडीच्या कंडक्टरकडं माझ्यासाठी नाचण्याचं पीठ देते. फोनवर माझ्या आईची तब्येत विचारते. त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही. मीही नाही. त्या पिठाच्या भाकरी मी करते, खाते.

मीही शिकवते. मागच्या वर्षी स्पर्शाचा धडा आला तेव्हा मी ओंडक्याचा फोटो दाखवला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलंय हे?"

मी पाय पुढं करून व्रण दाखवला. "पाहिलंय म्हणजे? वर बसायचे मी."

वर्ग हसला, कौतुकानं. किती सहज आलं तोंडातून. त्या दिवशी वैजयंताला एवढंच वाक्य हवं होतं, आणि ते माझ्याकडं होतं.